मिठाची बरणी आणि रक्ताचा दाब

१२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांतील वॉर्म स्प्रिंग्ज या गांवीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आपल्या घरांत खुर्चीवर बसले होते. समोर एक चित्रकर्ती त्यांचें चित्र रेखाटीत होती आणि अध्यक्ष हातांतील कागद पाहत होते. एकाएकीं डोक्याच्या मागील बाजूस भयंकर कळ आल्याचें त्यांनीं सांगितलें आणि ते बेशुद्ध झाले. दोन-अडीच तासांत मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. त्यांचें वय ६३ वर्षांचें होतें. बेशुद्धावस्थेंत डॉक्टरांनीं त्यांच्या रक्ताचा दाब मोजला तो ३०० वर १९० भरला.

निरभ्र आकाशांतून वीज कोसळावी तशी ही बातमी जगाला वाटली. डॉक्टरांच्या टिपणांत मात्र दहा वर्षांचे आंकडे ओळीनें लिहिलेले होते. १९३५ सालीं दाब १३६ वर ७८ होता. १९३७ सालीं तो १६२ वर ९८ झाला, १९४१ च्या फेब्रुवारींत १८८ वर १०५, आणि मृत्यूपूर्वीं दोन महिने, याल्टा येथील परिषदेच्या वेळीं, २६० वर १५०. वय वाढलें, रक्तवाहिन्या कठीण झाल्या, म्हणजे त्यांतून रक्त पुढें ढकलण्यासाठीं दाब वाढणें शरीराला आवश्यकच असतें, अशी त्या काळच्या कित्येक वैद्यांची समजूत होती. ‘आवश्यक’ या अर्थाचा शब्दच या विकाराच्या इंग्रजी नांवांत बसून गेला. १९४४ च्या मार्चमध्यें हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञानें अध्यक्षांना तपासलें, तेव्हां कोठें त्यांच्या जेवणांतील मीठ कमी झालें, वजन उतरविण्यांत आलें, विश्रांति ठरली. पण तोंवर व्हावयाचें तें होऊन चुकलें होतें. ती समजूत खोटी ठरण्यास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. १९४८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं हजारों रहिवाशांची जी दीर्घ पाहणी सुरू झाली, तिनें हळूहळू दाखवून दिलें कीं वाढलेला दाब हा शरीराचा उपाय नसून अपाय आहे.

जगांतील सर्वांत सामर्थ्यवान् मनुष्याच्या वैद्यांना १९३७ सालीं जें सुचलें नाहीं, तें आज कोणत्याही घरच्या स्वयंपाकघरांत करतां येण्याजोगें आहे. फक्त दाब म्हणजे काय आणि मिठाचा त्याच्याशीं संबंध कसा, हें नीट समजलें पाहिजे.

हृदय आकुंचन पावतें तेव्हां रक्त जोरानें वाहिन्यांत शिरतें. तें शिथिल होतें तेव्हां जोर कमी होतो, पण शून्य होत नाहीं. वरचा आंकडा पहिल्या क्षणाचा, खालचा दुसऱ्या क्षणाचा. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या पाद्र्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत घोडीच्या रक्तवाहिनींत नळी बसविली, तेव्हां तींत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढलें. माणसावर असा प्रयोग करणें अर्थातच शक्य नव्हतें. १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोची यानें दंडाला गुंडाळावयाची हवेची पट्टी शोधून काढली आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यानें त्या पट्टीखालीं नळी लावून नाडीचे आवाज ऐकण्याची रीत सांगितली. पाऱ्याची उंची मिलिमीटरांत मोजण्याची पद्धति तेव्हांपासून चालत आली आहे; बहुतेक ठिकाणीं पारा गेला तरी आंकडे त्याचेच राहिले.

१२० वर ८० याच्या खालीं दाब असणें उत्तम. दवाखान्यांत वेगवेगळ्या दिवशीं मोजून तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, अथवा घरीं शांतपणें मोजून १३५ वर ८५ च्या पुढें राहिला, तर तो वाढला आहे असें सामान्यतः समजतात. या विकाराचा खरा धोका त्याच्या मौनांत आहे. ताप अंगाला चटका देतो, दांत दुखला तर रात्र काढवत नाहीं. दाब मात्र वर्षानुवर्षें कांहीं एक न बोलतां हृदय, मेंदु, डोळे आणि मूत्रपिंडें यांच्या बारीक वाहिन्या झिजवीत राहतो. ‘मला कांहीं होत नाहीं’ हें वाक्य या बाबतींत प्रकृति चांगली असल्याचा पुरावा नाहीं. तसेंच, दाब केवळ रागीट माणसालाच असतो ही घरोघरची समजूतही निराधार आहे. अत्यंत शांत स्वभावाच्या आजीबाईंचा दाब १८० निघालेला पुष्कळांनीं पाहिला असेल.

आतां मिठाकडे वळूं. मिठांतील सोडियम रक्तांत वाढलें कीं तें पाणी धरून ठेवतें. जादा सोडियम आणि जादा पाणी बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें काम. तीं निरोगी आणि तरुण असतां हें काम सहज होतें. वय वाढल्यावर, किंवा उपजतच ज्यांचीं मूत्रपिंडें मीठ सोडण्यास नाखूष असतात त्यांच्या बाबतींत, तेवढेंच मीठ बाहेर टाकण्यासाठीं अधिक दाब लागतो. नळ चोंदला म्हणजे पंप जोरानें चालवावा लागतो, तसाच हा प्रकार. शिवाय वाहिन्यांच्या भिंतीही जास्त मिठानें ताठर होतात. सगळ्यांवर हा परिणाम सारखा होत नाहीं, आणि म्हणूनच ‘आमच्या आजोबांनीं जन्मभर लोणचें खाल्लें, त्यांना काय झालें?’ हा प्रश्न विचारणारा कोणी ना कोणी प्रत्येक घरांत असतो. आजोबांचा दाब कधीं मोजला होता काय, हें मात्र त्याला सांगतां येत नाहीं.

मीठ तोडल्यानें काय घडतें याचा सर्वांत कडक प्रयोग रूझवेल्ट हयात असतांनाच त्यांच्याच देशांत चालू होता. जर्मनी सोडून आलेले डॉ. वॉल्टर केम्प्नर यांनीं ड्यूक विद्यापीठांत १९३९ पासून दाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या असाध्य रोग्यांना केवळ भात, फळें, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवण्यास आरंभ केला. मीठ जवळजवळ नाहींच. एका बाईला त्यांनीं दोन आठवड्यांनीं परत येण्यास सांगितलें, पण त्यांच्या जर्मन उच्चारामुळें तिला ‘दोन महिने’ असें ऐकूं आलें आणि ती दोन महिने भातफळांवर राहून आली तेव्हां तिची प्रकृति कमालीची सुधारली होती, अशी गोष्ट त्यांच्याविषयीं सांगतात. ती खरी असो वा नसो, कित्येक रोग्यांचा दाब उतरला आणि डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तस्राव विरले, याचीं छायाचित्रें त्यांनीं प्रसिद्ध केलीं. येथें कोंकणांतील वाचक आनंदित होतील, पण घाई नको. गुण भाताचा नव्हता, भाताबरोबर जें नव्हतें त्याचा होता. वरणभाताशेजारीं पापड, लोणचें आणि तळलेली मिरची मांडली म्हणजे केम्प्नरांचा भात राहत नाहीं. आणि तो आहार इतका कठोर होता कीं डॉक्टरांच्या नजरेखालींच तो चालवावा लागे; घरीं त्याचें अनुकरण कोणीं करूं नये.

एवढी कठोरता आवश्यकही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसाला दिवसाकांठीं पांच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे असें सांगितलें आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, किंवा त्याहून किंचित् कमी, आणि त्यांतच सर्व आलें. भारतांत बहुतेक ठिकाणीं याच्या दुपटीच्या आसपास मीठ पोटांत जातें. ब्राझील व व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील अरण्यांत राहणारे यानोमामी लोक मीठ वापरीतच नाहींत. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या बावन्न ठिकाणच्या तुलनेंत त्यांचा दाब सर्वांत कमी भरला, आणि विशेष म्हणजे वयाबरोबर तो वाढतही नव्हता. उलट जपानच्या उत्तरेकडील आकिता प्रांतांत, जेथें खारवलेल्या भाज्या व मासे यांवर हिंवाळा काढीत, तेथें एके काळीं माणशीं पंचवीस ग्रॅमांहून अधिक मीठ खाल्लें जाई आणि मेंदूंतील रक्तस्रावानें मरणाऱ्यांची संख्याही तेथें फार मोठी होती.

आपल्या घरांत किती मीठ खपतें, हें समजण्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. मिठाची एक किलोची नवी पिशवी बरणींत ओतली त्या दिवशीं बरणीवर तारीख लिहावी. ती संपली कीं पुन्हा लिहावी. घरांत चार माणसें असतील आणि पिशवी तीस दिवसांत संपली, तर रोज सुमारे तेहतीस ग्रॅम, म्हणजे माणशीं आठ ग्रॅमांहून अधिक मीठ खर्च झालें. माणशीं पांच ग्रॅमांचा हिशेब धरला तर तीच पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. कणीक मळतांना, भात शिजवितांना, आमटींत, भाजींत, कोशिंबिरींत असें तें पांच वाटांनीं जातें, म्हणून कोणालाच आपण जास्त खातों असें वाटत नाहीं. पाहुण्यांची आणि उकडून फेकलेल्या पाण्याची वजाबाकी ज्याची त्यानें करावी.

परंतु बरणी सगळें सांगत नाहीं. विकतचा पाव, बिस्किटें, फरसाण, वेफर, सॉस, चीज, तयार मसाल्यांचीं पाकिटें, झटपट शिजणाऱ्या शेवया या सर्वांतून मीठ बरणीला वळसा घालून येतें. पाकिटांवर सोडियमचा आंकडा छापलेला असतो. त्याला अडीचनें गुणलें कीं मिठाचें वजन निघतें: शंभर ग्रॅम शेवेंत ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. पापडाची गोष्ट तर दुहेरी आहे. त्यांत मीठ असतेंच, आणि पापडखारांतही सोडियमच असतें. खाण्याच्या सोड्याचेंही तसेंच. उपासाच्या दिवशीं सैंधव वापरल्यानें दाब वाढत नाहीं असें मानणारे पुष्कळ आहेत. पण सैंधव म्हणजेही जवळजवळ सर्व मीठच. त्यांत बहुधा आयोडिनाची भर नसते, एवढा मात्र तोटा आहे.

मग करावयाचें काय? येथें बहुतेक घरीं एक चूक होते. डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतल्या एकट्या रोग्यासाठीं वेगळ्या वाटींत अळणी भाजी काढली जाते. बाकीचीं माणसें चवीनें जेवतात आणि तो आपला पथ्याचा घास गिळतो. आठ दिवसांनीं तो हळूच लोणच्याच्या बरणीकडे हात नेतो, आणि त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यापेक्षां सगळ्या घराचेंच मीठ थोडें थोडें कमी करावें हें शहाणपणाचें. पहिल्या पंधरवड्यांत चौथा हिस्सा कमी, मग आणखी थोडें. जिभेची संवय कांहीं आठवड्यांत बदलते. महिन्या-दोन महिन्यांनीं पूर्वीची आमटी खारट लागूं लागते, असा अनुभव येतो. घरांतल्या मुलांना तर हा लाभ जन्माचा होतो, कारण दाब चाळिशींत दिसला तरी त्याची तयारी पुष्कळ आधींपासून चालू असते.

मराठी पानाची मांडणी या कामीं फार उपयोगी आहे. पानांत मीठ प्रथम वाढण्याची रीत आहे. त्याच्या शेजारचें लिंबू ठेवावें आणि मीठ मागेल त्यालाच द्यावें. आंबटपणा असला म्हणजे मीठ कमी असल्याचें जिभेला चटकन् कळत नाहीं. कोकम, चिंच, कैरी, लसूण, आलें, जिरें, ओला नारळ, कोथिंबीर या सर्वांचा उपयोग करावा. ज्वारी-बाजरीच्या भाकरींत मीठ घालण्याचें कारणच नाहीं. ताकांत जिरेंपूड पुरे. लोणचें सणावारीं, आणि तेंही फोड, खार नव्हे.

मीठ कमी करण्याइतकीच दुसरी बाजू महत्त्वाची आहे, ती म्हणजे पोटॅशियमची. हें द्रव्य सोडियमला मूत्रपिंडावाटे बाहेर जाण्यास मदत करतें. पालेभाज्या, केळीं, संत्रीं, टोमॅटो, रताळीं, मूग-मटकी, नारळाचें पाणी यांत तें भरपूर असतें. अमेरिकेंत १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४५९ स्त्रीपुरुषांच्या गटाला आठ आठवडे ठरवून दिलेलें जेवण दिलें. मीठ बदललें नाहीं, वजन बदलूं दिलें नाहीं. ज्यांना फळें, भाज्या, कडधान्यें आणि कमी स्निग्ध दूधदहीं वाढवून तूप-चरबीसारखे पदार्थ कमी केले, त्यांतील वाढलेल्या दाबाच्या माणसांचा वरचा आंकडा नेहमींच्या जेवणाच्या तुलनेनें सुमारे अकरांनीं व खालचा पांचांनीं उतरला. एका गोळीचें काम एवढेंच असतें. २००१ सालच्या पुढील प्रयोगांत याच आहारांत मीठही कमी केलें, तेव्हां दाब आणखी खालीं आला.

चीनमधील सहाशें खेड्यांत सुमारें एकवीस हजार माणसांवर झालेली चांचणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील बहुतेकांना पूर्वीं अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. निम्म्या खेड्यांत नेहमींचें मीठ, निम्म्यांत तीन भाग मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असें मिश्रण दिलें. सुमारें पांच वर्षांत मिश्रण खाणाऱ्यांत अर्धांगाचे झटके शेंकडा चौदांनीं कमी आले. असें मीठ आतां बाजारांत मिळतें. परंतु ज्यांचीं मूत्रपिंडें अधू आहेत, किंवा ज्यांना शरीरांत पोटॅशियम धरून ठेवणारीं औषधें चालू आहेत, त्यांनीं तें डॉक्टरांना विचारल्यावांचून तोंडांतही घालूं नये. अशा माणसांना नारळाच्या पाण्याचाही अतिरेक बाधतो.

वजनाविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, जास्त वजन असलेल्या माणसानें एक किलो उतरविलें कीं वरचा आंकडा सुमारें एकानें उतरतो. दारू दाब वाढविते, तंबाखू वाहिन्या नासविते. या दोन्हींविषयीं घरांतल्या मंडळींना सांगण्यासारखें नवें कांहीं नाहीं.

व्यायामाचा विषय निघाला म्हणजे मराठी मनुष्याला तालीम आठवते आणि साठीच्या गृहस्थाला वाटतें कीं आपला काळ गेला. दाबासाठीं लागणारा व्यायाम त्या जातीचा नाहीं. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालणें पुरे. गति इतकी असावी कीं बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. चालतांना वरचा आंकडा वाढतोच. थांबल्यावर मात्र तो पूर्वीच्याही खालीं जातो आणि कित्येक तास तसा राहतो, कारण वेगानें वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणानें वाहिन्यांचें अस्तर त्यांना सैल करणारें द्रव्य सोडतें. हें रोज घडत राहिलें म्हणजे वाढलेला दाब पांच ते आठ मिलिमीटरांनीं उतरतो. चालणें सोडलें कीं हा लाभ कांहीं आठवड्यांत नाहींसा होतो. पावसाळ्याचे चार महिने घरीं बसून दिवाळीनंतर पुन्हा आरंभ करणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें. शिवाजी पार्कच्या कडेनें किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर जे नेमानें दिसतात, त्यांच्यांतही निम्मे लोक गप्पांच्या वेगानें चालतात, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो सर्वांना ठाऊक आहे. संथपणें, श्वास न कोंडतां घातलेले नमस्कार हा चांगलाच व्यायाम आहे. श्वास रोखून जड वजन उचलणें मात्र ज्यांचा दाब फार आहे त्यांनीं टाळावें. त्या क्षणीं आंकडा एकदम उसळतो. १८० वर ११० च्या पुढें दाब असतां, किंवा चालतांना छातींत दुखत असतां, आधीं डॉक्टर आणि मग व्यायाम.

घरांतील स्त्रियांविषयीं येथें निराळें लिहिणें भाग आहे. ‘तिला दिवसभर घरकाम असतें, तिला व्यायाम कशाला?’ असें म्हणणारे पुरुष थोडे नाहींत. ओट्याशीं चार तास उभें राहिल्यानें पाय दुखतात, पण झपाझप चालण्याचें काम होतेंच असें नाहीं. बहुतेक घरीं दाब मोजण्याचें यंत्र गृहस्थासाठीं आणलेलें असतें आणि तें त्यांच्याच दंडाला लागतें. स्वयंपाकघरांत उरलेली खारट आमटी संपविणारी बाई मात्र कित्येकदां अर्धांगाचा झटका आल्यावरच प्रथम तपासली जाते. संध्याकाळचा अर्धा तास तिला मोकळा करून देणें हाही त्या घराच्या औषधोपचाराचाच भाग समजला पाहिजे.

राहिली गोळ्यांची गोष्ट. दाबावर गुणकारी औषध शोधण्याच्या कामीं मुंबईचा मोठा वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधा या वनस्पतीचे अनुभव १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष तिच्याकडे वेधलें. १९५७ सालीं त्यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें अधिक सुरक्षित औषधें निघालीं. सर्पगंधेनें कित्येकांचें मन खिन्न होतें असें आढळलें, तेव्हां कोणाच्या सांगण्यावरून तिचें चूर्ण परभारें घेऊं नये.

आहार व चालणें सुरू केलें, दोन महिन्यांनीं दाब १२८ वर ८० आला, आणि मग ‘आतां बरें वाटतें’ म्हणून गोळी आपण होऊनच बंद केली, हा प्रकार वरचेवर घडतो. कांहीं औषधें एकाएकीं सोडल्यास दाब पूर्वीपेक्षांही वर उसळतो. त्यापेक्षां सात दिवस सकाळीं व संध्याकाळीं दाब मोजून लिहून ठेवावा. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, तंबाखू वा व्यायाम नको. लघवी करून यावें, पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलतां बसावें, पट्टी उघड्या दंडावर बांधावी, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा, आणि मिनिटभराच्या अंतरानें दोनदां मोजावें. हें टिपण डॉक्टरांपुढें ठेवलें म्हणजे गोळी कमी करावी कीं नाहीं, हें त्यांना ठरवितां येतें. कित्येकांची मात्रा उतरते, कांहींची गोळी सुटतेही. ज्यांची सुटत नाहीं, त्यांना निदान एकीवर भागतें; एरव्हीं त्यांना दोन किंवा तीन लागल्या असत्या.